चिंचेने घासलेली पेनी

तांबं काळं दिसलं की माझा हात आपोआप चिंचेकडे जातो. याला मी काय करू? सासूबाईंनी लावलेली सवय आहे, पन्नास वर्षांची. पूजेचा तांब्या, पळी, ताम्हन, सगळं चिंचेच्या कोळाने आणि मिठाने घासायचं, अंगठ्याने दाब देऊन, गुलाबी झळाळी येईपर्यंत. इथे अमेरिकेत, श्रूजबरीत मुलीकडे राहायला आले तेव्हा मुलीने स्वयंपाकघरात भांडी धुण्याचं मशीन दाखवलं. म्हटलं, असू दे बाई तुझं मशीन, देवाची भांडी मी हातानेच घासणार. आणि त्याच हाताने मी गेल्या दिवाळीत केवढा मोठा घोळ घालून ठेवला, ते सांगते.

त्याच्या आधी थोडं मागचं सांगायला हवं. आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला त्याला आता अडीच वर्षं झाली. उजवा हात गेला आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. हात निम्मा परत आला. बोलणं मात्र कुठे अडकलं होतं कोण जाणे. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. आणि माणूस कसा? चौतीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवलेला! घरी आले तरी वर्गातच असल्यासारखे बोलायचे. मी म्हणायची, "अहो, मी सातवी ब मध्ये नाही, जरा हळू." तेच हे आता दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. त्या शांततेची मला इतकी भीती वाटायची की मी घरात एकटीच बडबडत फिरायची, भिंतींशी सुद्धा.

हाताचा व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. त्या म्हणाल्या, बोटांना बारीक काम द्या, नाणी उचलायला लावा. मुलीने बँकेतून पेनीचे रोल आणले. म्हणजे कागदात गच्च गुंडाळलेल्या एकेक सेंटच्या पन्नास पेनी. हे तो कागद फाडायचे, एकेक पेनी उचलायचे, वाटीत टाकायचे. पहिला आठवडा नुसता टणटण आवाज. मग एके दिवशी एक पेनी त्यांनी वाटीत टाकलीच नाही. डोळ्यांजवळ धरली. तिच्या एका बाजूला नेहमीचे दाढीवाले अध्यक्ष, पण मागे नेहमीची देवळासारखी इमारत नव्हती, गव्हाच्या दोन लोंब्या होत्या. माझ्याकडे वळून स्पष्ट म्हणाले, "चले जाव."

मी हातातला कुकर खाली ठेवला. म्हटलं, पाच महिन्यांनी तोंड उघडलं आणि मला घराबाहेर काढताय? त्यांनी मान हलवली, पेनी पुढे केली. तिच्यावर साल होतं १९४२.

तेव्हापासून घरात रोल यायला लागले. मुलगी दर शुक्रवारी बँकेतून दोन-चार आणायची, बघून झालेले परत देऊन यायची. हे भिंग घेऊन बसायचे आणि साल मोठ्याने वाचायचे. एकोणीसशे त्रेसष्ट. एकोणीसशे एकोणऐंशी. आधी नुसते आकडे आले, मग आकड्यामागून एखादा शब्द. "सत्तेचाळीस... झेंडा." "बाहत्तर... दुष्काळ." जुनी, लोंब्यांची पेनी मिळाली की वेगळ्या डबीत ठेवायचे. मुलीने त्यांना गावातल्या नाणी जमवणाऱ्यांच्या क्लबात नेलं. तिथे सगळे त्यांच्याच वयाचे गोरे म्हातारे, महिन्यातून एकदा लायब्ररीच्या तळघरात जमतात. हे मागच्या खुर्चीवर बसायचे, नाणी बघायचे, परत यायचे. तिथे त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

आणि मग दिवाळीच्या चार दिवस आधी त्यांना ती मिळाली. पेनीच, पण शंभर वर्षांपूर्वीची. डोक्यावर पिसांचा टोप घातलेला चेहरा, खाली १९०७. रंग असा गडद, जुन्या चिंचेसारखाच म्हणा. असलं नाणं रोलमध्ये सापडणं म्हणजे भाताच्या पोत्यात मोती. विकायला गेलं तर किंमत फार नाही हो, चार-सहा डॉलर. पण दोन वर्षांत अशी एकही हाती लागली नव्हती. मुलीने फोटो काढला आणि क्लबच्या प्रमुख आजोबांना पाठवला. त्यांचं लगेच उत्तर आलं, शनिवारच्या बैठकीला घेऊन या आणि आम्हाला तिच्याबद्दल सांगा.

सांगा! लोकांसमोर उभं राहून, इंग्रजीतून! पण ह्यांनी मान डोलावली. बोलण्याचा सराव घेणाऱ्या बाईंनी तीन छोटी वाक्यं कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून दिली. रोज सकाळी चहाच्या आधी हे ती म्हणायचे. दोन वाक्यं जमत होती, तिसरं घसरत होतं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी पाट मांडत होते, तेव्हा हे आपणहून आले. डबी उघडली, ती पेनी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "लक्ष्मी... ला."

माझे डोळे भरून आले. माणसाने स्वतःचं सगळ्यात मोठं धन देवीपुढे ठेवायला दिलं. आता तुम्हीच सांगा, असं काळंकुट्ट नाणं मी लक्ष्मीपुढे ठेवणार होते का? चिंच भिजलेलीच होती. लग्नातलं चांदीचं नाणं घासलं, तांब्या घासला, पळी घासली आणि तिलाही घासली. मीठ घालून, अंगठ्याने, दोन्ही बाजूंनी. काय लखलखली! म्हटलं, शनिवारी लोकांना दाखवायची तर अशीच हवी. तांदळाच्या राशीवर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल. ह्यांनी हात जोडले. फुलाखालचं त्यांना काय दिसणार?

आरती झाली. हे रोजच्यासारखे टॅबवर नाण्यांचे व्हिडिओ लावून बसले. मी शेजारी लाह्या-बत्तासे वाटून ठेवत होते. व्हिडिओतला माणूस बोट नाचवून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. मला तेवढं इंग्रजी कळतं. नेव्हर क्लीन. नेव्हर, एव्हर.

मी मुलीला हळूच विचारलं, "काय गं म्हणतोय हा?"

"काही नाही गं, जुनं कॉइन कधी क्लीन करायचं नसतं. ओरिजिनल रंग गेला की संपलं, कलेक्टर लोक हात पण लावत नाहीत. सगळ्यात बेसिक रूल आहे तो. का?"

"काही नाही," मी म्हटलं. हातातला बत्तासा कधी चुरला ते कळलं नाही.

सगळे आपापल्या खोल्यांत गेल्यावर मी फूल उचलून बघितलं. समईच्या उजेडात नुकतीच पाडल्यासारखी गुलाबी दिसत होती ती. टोपाची पिसं आधी एकेक सुटी दिसायची, आता एकमेकांत मिसळली होती, का मलाच तसं वाटलं, देव जाणे. फूल परत ठेवलं. मनात एकच, की ह्यांनी बघितलं की हे गप्प होणार. रागावून चार शब्द ऐकवले तर मी आनंदाने ऐकेन. पण गप्प झाले, आणि ते गप्प होणं पुन्हा पाच महिन्यांचं झालं तर? सराव घेणाऱ्या बाईंनी सांगितलंच होतं, मन खचलं की आलेले शब्दही मागे फिरतात.

दुसऱ्या दिवशी पाडवा. हे उठल्या उठल्या देवघराकडे निघाले. मी आडवी आले. "अहो, थांबा. लक्ष्मीपुढचं नाणं भाऊबीज होईपर्यंत हलवायचं नसतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्रेपन्न वर्षं ह्या माणसाने घरची लक्ष्मीपूजा केलेली. असला नियम त्यांनी कधी ऐकला असेल? पूर्वीचे हे असते तर "कुठल्या ग्रंथात?" म्हणून माझी उलटतपासणीच घेतली असती. आता फक्त भुवया वर गेल्या. ज्याला वाद घालता येत नाही त्याच्याशी मी खोटं बोलले, देवाचं नाव घेऊन. बरं नाही वाटलं, खरंच सांगते.

त्यावर कडी म्हणजे संध्याकाळी मी त्यांना ओवाळलं, तेव्हा त्यांनी तबकात ओवाळणी टाकली. लोंब्यांची एक पेनी. साल १९५३. माझ्या जन्माचं. कधीपासून बाजूला काढून ठेवली होती कोण जाणे. "तुझी," म्हणाले. मी निरांजन कसंबसं खाली ठेवलं.

भाऊबीजेच्या सकाळीच मी इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणीला फोन केला. ही मूळची नागपूरची, सत्तरीतही गाडी चालवते, आणि तोंडाची एकदम मोकळी. म्हटलं, मला बँकेत ने, कुणाला सांगू नकोस. गाडीत बसल्यावर तिला सगळं सांगितलं.

"अगं माय!" ती म्हणाली. "चिंचेनं? मीठ घालून?"

"मीठ घालून."

"मग आता काय करून राहिली तू? बँकेत जाऊन दुसरी शोधणार?"

"शोधणार."

"शंभर वर्षांची पेनी. तुझे मिस्टर दोन वर्षं शोधून राहिले, अन् तू दुपारपर्यंत शोधणार!"

हसू नये तिथे दोघी हसलो. पण दुसरं मला काय सुचणार होतं?

बँकेतली मुलगी गोड होती, पण म्हणाली की पेनीचे रोल आता मोजकेच देतो. सरकारने पेनी पाडणंच थांबवायचं ठरवलंय, वरून पेट्या यायच्या बंद झाल्यात. मला चार रोल मिळाले. मैत्रिणीच्या बँकेत तीन. तिसऱ्या बँकेने तर खातं नाही म्हणून बाहेरचा रस्ता दाखवला. बाहेर पार्किंगमध्ये हीटर लावून आम्ही दोघी गाडीतच बसलो, मांडीवर तिची ओढणी पसरली आणि रोल फोडायला लागलो. नवी, हलकी, चकचकीत पेनी. नवी. नवी. एक कॅनडाची, राणीचं तोंड असलेली, मध्येच घुसलेली. एक लोंब्यांची मिळाली, पण ती १९५७ची. बाहेरून एक गोरा माणूस काचेतून डोकावून गेला. त्याला काय वाटलं असेल, दोन म्हाताऱ्या भरदिवसा गाडीत बसून चिल्लर निवडताहेत.

सात रोल संपले. ओढणीवर नुसता ढीग.

"सांगून टाक गं त्यांना," मैत्रीण म्हणाली. "काहून एवढी घाबरते? ओरडतील, दुसरं काय?"

"तुझे ओरडतात," मी म्हटलं. "माझे ओरडले तर मी पेढे वाटीन. माझे गप्प होतात."

तिने ओढणीची चारी टोकं उचलून गाठ मारली आणि गाडी सुरू केली.

घरी पोचले तर देवघरातून तबकाचा आवाज आला. मी चपला तशाच टाकून धावले. हे देवघरासमोर उभे होते. झेंडूचं फूल जमिनीवर, एका हातात भिंग, दुसऱ्या हातात ती. खिडकीतून ऊन येत होतं आणि पेनी अशी चमकत होती की तिची तिरीप त्यांच्या गालावर पडली होती.

"अहो, मी... मला माहीत नव्हतं हो. लक्ष्मीपुढे ठेवायची म्हणून..."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. पेनी डबीत टाकली, डबी खिशात घातली आणि खिडकीशी जाऊन बसले.

त्या दिवशी एक शब्द नाही. रात्री जेवताना नाही. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सकाळी चहाच्या आधी कार्डावरची वाक्यं नाहीत. मुलीने आणलेले दोन रोल टेबलावर तसेच पडून. मी भाजी चिरता चिरता त्यांच्याकडे बघायची. हे रागाने बोलत नाहीत, की शब्दच गेले म्हणून बोलत नाहीत? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं हो. तेच तर भयंकर. मी मुद्दाम विचारलं, "साखर घालू का अजून?" त्यांनी मान हलवली. मान तर तेव्हाही हलवायचे, झटक्यानंतर.

संध्याकाळी बोलण्याचा सराव टॅबवरून असतो. बाई विचारत राहिल्या, हे गप्प. आता मुलगी घाबरली. पळत आली, त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली. "बाबा, दोन्ही हात वर करा." केले. "स्माइल करा, बाबा." हे हसेनात. "बाबा, प्लीज, फक्त स्माइल!" त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि तोंड आणखीच घट्ट मिटून घेतलं.

"आई, आय ॲम कॉलिंग द ॲम्ब्युलन्स," मुलगी म्हणाली.

"थांब," मी म्हटलं. "झटका नाही तो. मी आहे ती." आणि तिला सगळं सांगितलं. चिंच, मीठ, भाऊबीजेचा नियम, सात रोल, सगळं.

तिने कपाळाला हात लावला. "आई! ओ माय गॉड, आई! तू देवाच्या नावावर फेक न्यूज दिलीस?" मग तिला हसू फुटलं, मग रडू आलं, आणि मला जवळ घेऊन म्हणाली, "पण ते नक्की नुसतं रुसलेत ना गं?"

मला कुठे माहीत होतं?

शनिवारी आम्ही दोघींनी बैठकीचा विषयच काढला नाही. पण तीन वाजता बघते तर हे कोट घालून, टोपी घालून, दाराशी बूट चढवत बसलेले. उजव्या हाताने नाडी बांधायचा खटाटोप चाललेला. मी वाकले तर माझा हात बाजूला केला. मुलीने मुकाट्याने गाडी काढली. मी मागे बसले. क्लबात मी एरवी जात नाही, पण त्या दिवशी घरी बसणं मला शक्य नव्हतं.

लायब्ररीच्या तळघरात पंधरा-सोळा माणसं असतील. घडीच्या खुर्च्या, कॉफीचा थर्मास. प्रमुख आजोबांनी ह्यांना पुढे बोलावलं. हे हळूहळू चालत गेले, काळ्या मखमलीच्या तुकड्यावर पेनी ठेवली. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्याला भिंग लावून बघितलं आणि म्हणाल्या, "ओह."

एवढंच. तो तुकडा हातोहात फिरला. एकाने दुसऱ्याकडे बघितलं. प्रमुख आजोबांनी तर फोटो पाहिलेला, ते एकदा पेनीकडे आणि एकदा ह्यांच्याकडे बघत राहिले. सभ्य माणसं.

ह्यांनी कार्ड काढलंच नाही. टेबलाला धरून उभे राहिले. ओठ हलले, आवाज नाही. परत हलले. मी पदर तोंडात धरला होता. मुलीने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली.

"आय... फाउंड," हे म्हणाले. "बँक... रोल."

मी श्वास सोडला.

"नाइन्टीन... ओ... सेव्हन."

तिन्ही झाली. घसरणारं तिसरंही आलं. वाटलं, आता बसतील. पण हे बसले नाहीत. हात वर केला, सगळ्या खुर्च्यांवरून फिरवला आणि मागच्या भिंतीशी असलेल्या माझ्याकडे थेट बोट केलं. पंधरा गोरी तोंडं माझ्याकडे वळली.

"वाइफ," हे म्हणाले. मग थांबले. किती थांबले! भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता. "वाइफ... वॉश."

कुणीतरी हसू दाबलं. मी मान खाली घातली. धरणी दुभंगावी असं म्हणतात ना, तसं झालं.

"फॉर..." हे परत शोधायला लागले. कपाळावर घाम. "फॉर... गॉडेस."

मग ते प्रमुख आजोबा घसा खाकरून म्हणाले, नाणी धुऊन वाया घालवण्याची पुष्कळ कारणं मी पन्नास वर्षांत ऐकली, त्यातलं हे सगळ्यात चांगलं. आणि जे हसू दाबून ठेवलं होतं ते सगळं एकदम बाहेर पडलं. भिंगवाल्या बाई मागे वळून मला म्हणाल्या की त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी नवऱ्याचा नाण्यांचा अख्खा डबा व्हिनेगरात बुडवला होता. मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "सॉरी, सॉरी," तेवढंच येत होतं.

परत येताना अंधारून आलं होतं. मुलगी चालवत होती, हे पुढे, मी मागे. पहिल्या सिग्नलला हे माझ्याकडे वळले.

"तू," म्हणाले.

"हो, मी," मी म्हटलं.

"तू... एक नंबरची..."

आणि शब्द अडकला. हात हवेत फिरायला लागला. गाडी पुढे निघाली. "एक नंबरची..." मुलगी आरशातून बघायला लागली. "बाबा, काय, शहाणी?" त्यांनी जोरात मान हलवली. तिने आणखी काही सुचवायला तोंड उघडलं, तर मी मागून तिच्या खांद्याला चिमटा काढला. त्यांना काय म्हणायचंय ते मला ठाऊक होतं. त्रेपन्न वर्षांत पुष्कळदा ऐकलेला शब्द. एरवी ते अडखळले की मीच शब्द तोंडात देते, माझ्याने ते थांबणं बघवत नाही. त्या दिवशी मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

तळ्यावरचा पूल गेला. पेट्रोल पंप गेला. आमच्या रस्त्याच्या वळणावर मुलीने गाडी हळू केली, आणि हे पूर्ण वळून, माझ्या डोळ्यांत बघून, वर्गातल्या आवाजात म्हणाले, "चोंबडी!"

"आहेच," मी म्हटलं.

"देवाला... खोटं!" हे म्हणाले. "माझी... पेनी! चोंबडी!"

गाडी दारात येऊन उभी राहिली, मुलीने इंजिन बंद केलं, तरी आम्ही तिघं आतच बसून होतो, आणि हे मला बोलत होते.